दोन ठिपके, तीन ठिपके

दाजींनी ते यंत्र माझ्या काउंटरवर ठेवलं नाही, आदळलं. समोर फवारणी पंपाची बॅटरी घेऊन एक गिऱ्हाईक उभं होतं, तेसुद्धा दचकून एक पाऊल मागं सरलं.

"हे रोज वापरायच्या लायकीचं हाय का न्हाई, तेवढं सांग," दाजी म्हणाले. "बाकी तुझ्याशी बोलायला आलो न्हाई मी."

दोन वर्षांनी तोंड उघडलं होतं गृहस्थानं, आणि ते असं. दुंडाप्पा खोत, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निपाणीत तंबाखूची वखार, अंगावर कायम कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दोन बोटांत सिगारेट. त्या दिवशी बोटं रिकामी होती. त्यामुळं ते मला अर्धवट कपडे घातल्यासारखे वाटले.

मी यंत्राला हात लावला नाही. आधी गिऱ्हाइकाचं काम संपवलं, मुद्दाम सावकाश. पंपाची बॅटरी उघडली, मीटर लावला, परत बंद केली. दाजी उभेच. बसा म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि मी म्हणालो नाही.

आमचं हे दुकान गडहिंग्लजच्या स्टँडजवळ. बाबांच्या वेळी रेडिओ आणि टॉर्च, माझ्या वेळी बॅटऱ्या. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतले सेल तपासायचे, चांगले निघतील ते नव्या वेष्टनात घालून टॉर्चला, पंपाला, कशाकशाला वापरायचे. बाबा गेले आणि दुकानात मी एकटा उरलो.

बाबा गेले त्या दिवशीच हे वैर सुरू झालं, ते सांगून टाकतो. बाबांना विडी लागायची, आणि दाजी दर महिन्याला निपाणीहून पुडे पाठवायचे. जावयाचं प्रेम म्हणे. शेवटचं वर्षभर बाबा खोकून खोकून झोपले नाहीत. गेले त्या दिवशी ते घराच्या पुढच्या सोप्यात निजवलेले, माणसं जमलेली, आक्का पायाशी बसून रडतेय, आणि हे दाजी अंगणातल्या कट्ट्यावर बसून सिगारेट पेटवतायत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊन ओठातली सिगारेट काढली आणि चपलेखाली चिरडली. "एकाला खाल्लंत, तेवढं पुरे झालं," असं म्हणालो. चाळीस माणसं बघत होती.

दाजी उठले. आत गेले, आक्काचा दंड धरला आणि तिला गाडीत घालून घेऊन गेले. बाबांना माती द्यायच्या आधी. पोटची पोरगी, आणि बापाला मूठभर माती घालू दिली नाही. तेव्हापासून दोन वर्षं आक्का माहेरी आली नव्हती. ना नागपंचमीला, ना दिवाळीला. फोनवर दोन मिनिटं बोलायची, तेही मागं कुणीतरी उभं असल्यासारखं.

तर गिऱ्हाईक गेल्यावर मी ते यंत्र हातात घेतलं. विटेच्या तुकड्याएवढं जड. वरती काचेची नळकांडी, त्यात पिवळसर तेल, बाजूला बटण, खाली झाकण. झाकणाआड दोन सेलची जागा. बटण दाबलं की आतली तार तापते, तेलाची वाफ होते, ती ओढायची. असलं यंत्र, ई-सिगारेट म्हणतात ते, मी फोटोत बघितलं होतं, हातात पहिल्यांदाच.

"बेळगावच्या डॉक्टरनं सिगारेट बंद केलीय," दाजी रस्त्याकडं बघत म्हणाले. "छातीत पाणी झालं होतं. पुतण्यानं गोव्यातनं हे आणून दिलं. फुटतंबिटतं म्हणतात लोक. खिशात घालून हिंडायचं म्हंजे..."

"फुटतंय की," मी म्हणालो. "तुमच्या सिगारेटी फुटत नव्हत्या. नुसत्याच माणसं मारत होत्या."

त्यांचा जबडा हलला. मला वाटलं आता यंत्र उचलून चालते होणार. पण ते गेले नाहीत. जड आवाजात म्हणाले की आठ दिवस ठेवून घे, सगळं तपास, आणि खरं काय ते सांग. काम नीट केलंस तर पंचमीला तुझ्या बहिणीला तीन दिवस लावून देतो.

एवढं बोलून ते गेले. मी यंत्र हातात धरून उभा राहिलो. पंचमी बारा दिवसांवर होती.

घरी आईला सांगितलं. आईचे गुडघे तेव्हाच गेले होते, उंबऱ्याशी बसून असायची. ती ऐकून म्हणाली, "गुरू, तुझा राग खुंटीला टांगून ठेव आठ दिवस. पोरगी एकदा डोळ्यानं दिसू दे मला." दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीकडून ज्वारी मागवली, पंचमीच्या लाह्यांसाठी. इतकी आधी कुणी मागवत नाही.

मग मी त्या यंत्राच्या मागं लागलो. मला ओढायचं नव्हतं. बाबांच्या खोकल्यानंतर धुराचा वाससुद्धा मला सोसत नाही. म्हणून माशांच्या टाकीचा एक जुना पंप उलटा जोडला, नळी यंत्राच्या तोंडाला लावली आणि पंपाला ओढायला लावलं. दुकानात आंब्याच्या गोळीचा वास सुटला. दर ओढीला वहीत एक रेघ. दिवसात दीडशे रेघा झाल्या तरी यंत्र चालत होतं. माणूस एवढं ओढत असेल तर त्याला यंत्र नको, दवाखाना पाहिजे.

खोटं कशाला बोलू, यंत्र वाईट नव्हतं. बटण चांगलं, हाताला कडक लागणारं. झाकणाचे लोहचुंबक मात्र ढिले, खिशात उलटं झालं की झाकण सुटायचं. तेल थोडं पाझरायचं. तीन वेळा काउंटरवरून खाली पाडलं, काच टिकली. चार्जिंगला चार तास लागायचे आणि पूर्ण दिवस निघायचा. एकाच सेलच्या यंत्राला दुपारी परत चार्जर शोधावा लागतो, याला तो त्रास नव्हता. निपाणी ते कोल्हापूर जाऊन आलं तरी पुरेल, असं मी वहीत लिहिलं.

खोट होती ती आतल्या सेलमध्ये. बाहेर चकचकीत वेष्टन, त्यावर मोठमोठे आकडे, आणि आत भंगार. एक लवकर रिकामा व्हायचा, दुसरा भरलेलाच. दोन सेलच्या यंत्रात हाच धोका असतो. दोघं एकामागं एक जोडलेले, दोघांनी सारखं ओढायचं. एक दमला तरी दुसरा थांबत नाही, तो त्याच्यातनं जोर काढतच राहतो. दमलेला तापतो, फुगतो, आणि कधीतरी जाळ काढून फुटतो. म्हणून जोडी एकाच वयाची, एकाच ताकदीची लागते. एकत्र भरायची, एकत्र वापरायची, एकत्रच टाकायची. एकालाही दुसरीकडं लावायचं नाही.

आमच्या दुकानात जोड्या ओळखायची एक पद्धत होती आणि ती आक्कानं लावलेली. बाबा टॉर्चचे सेल जुळवून ठेवायचे आणि मी पोरकटपणे ते मिसळून टाकायचो. आक्का तेव्हा पंधरा-सोळाची. तिनं स्वतःची नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक जोडीच्या डोक्यावर लाल ठिपके काढले. एका जोडीला एक ठिपका, दुसरीला दोन, तिसरीला तीन. बाबा हसले होते, पण त्यांनी ती पद्धत सोडली नाही. मीही नाही. चाळिशी ओलांडलेला बाप्या गडी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन लाल नेलपॉलिश मागतो, हे बघून बायका हसायच्या. हसेनात का.

दाजींच्या यंत्रासाठी मी माझ्याकडची सर्वांत चांगली जोडी काढली. दोन ठिपक्यांची. एका नव्या कोऱ्या लॅपटॉपच्या बॅटरीतून निघालेली, ज्याचा पडदाच फुटला होता. तीन दिवस चार्ज करून, उतरवून, परत चार्ज करून बघितली. दोघांत केसाएवढा फरक नव्हता. झाकणाचे लोहचुंबक बदलले. तेल पाझरू नये म्हणून रबराची नवी कडी बसवली. वैऱ्याचं काम होतं, पण हात माझा होता, आणि पंचमीला आक्का येणार होती.

आठव्या दिवशी दाजी आले. दुपारी, स्टँडवर गर्दी असताना. मी सगळं सांगितलं. यंत्र चांगलं आहे, रोज वापरायला हरकत नाही, सेल मी माझे घातलेत, कंपनीचे टाकून द्या, हे दोन कधीही वेगळे करू नका, झोपताना चार्जिंगला लावू नका. दाजी ऐकत होते. यंत्र हातात घेऊन त्यांनी बटण दाबलं, ओढलं, नाकातून वाफ सोडली. माझ्या तोंडावर. नकळत का मुद्दाम, ते मला आजही माहीत नाही.

"मग आक्काला कधी घेऊन येऊ?" मी विचारलं. "का तुम्ही सोडताय?"

"आधी एक राहिलंय," ते म्हणाले. "त्या दिवशी चाळीस माणसांत माझ्या तोंडातली सिगारेट काढलीस. आज इथं चारपाच माणसं हायत, तेवढी चालतील. पाया पड."

चहाच्या टपरीवरची माणसं बघत होती. कंडक्टर ओळखीचा होता, तो बघत होता. माझ्या डोळ्यापुढं आई आली, उंबऱ्याशी ज्वारी निवडणारी. मी काउंटरचं फळकूट उचललं, बाहेर आलो आणि वाकून दाजींच्या पायांना हात लावला. त्यांच्या चपलेला वखारीतल्या तंबाखूची पिवळी धूळ होती. ती माझ्या बोटांना लागली.

उठलो तेव्हा ते हसत होते. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात.

"बरं," ते म्हणाले. "म्हातारीला सांग, दिवाळीला बघू. आधी हे यंत्र दोनतीन महिने नीट चालू दे. तू काय काम केलंयस, ते कळू दे."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. कानात नुसती गरम वाफ भरल्यासारखं झालं. आणि मग माझ्याच तोंडून एकदम शांत आवाज आला. इतका शांत की मला तो दुसऱ्याचा वाटला.

"द्या जरा इकडं," मी म्हणालो. "झाकण एकदा बघून देतो. खिशात सुटायला नको."

यंत्र घेऊन मी आतल्या फळीमागं गेलो. तिथं एक पत्र्याचा डबा आहे, एकटे उरलेले सेल टाकायचा. त्यात तीन ठिपक्यांचा एक होता. त्याचा जोडीदार आदल्या वर्षी मेला होता आणि हाही थकलेला, छोट्या टॉर्चला कसाबसा चालणारा. मी झाकण उघडलं, दोन ठिपक्यांतला एक काढून खिशात घातला आणि तिथं तीन ठिपक्यांचा बसवला. झाकण लावलं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.

तेव्हा मी मनाला काय सांगितलं असेल? की फार तर बंद पडेल, चारचौघांत फजिती होईल, बस एवढंच. असं सांगितलं खरं. पण वीस वर्षं सेल फोडणाऱ्या माणसाला काय होणार ते माहीत असतं. मला माहीत होतं.

बाहेर येऊन यंत्र त्यांच्या हातात दिलं. "रोज वापरा, दाजी," मी म्हणालो. "छातीच्या खिशातच ठेवत चला."

त्यांनी ते शर्टाच्या खिशात घातलं आणि बसमध्ये चढले.

पंचमीला चार दिवस होते. पहिल्या दिवशी मला छान जेवण गेलं. दुसऱ्या दिवशी घास उतरेना. फोन वाजला की हातातलं काम सोडून मी आधी नंबर बघायचो. एकदा तर मी आक्काचा नंबर लावला आणि वाजायच्या आधी कट केला. काय सांगणार होतो? दाजींना सांग, ते उघडा? का उघडा? मग त्यांचा चेहरा आठवायचा, ओठातलं ते हसू आठवायचं, आणि मी फोन परत खिशात घालायचो. आईला दिवाळीचं सांगितलंच नव्हतं. ती लाह्या भाजून डब्यात भरत होती, आणि मी तिच्यासमोर बसून ते बघत होतो. असला मुर्दाड मी.

पंचमीच्या दिवशी सकाळी दहाच्या बसमधून आक्का उतरली.

मी दुकान उघडत होतो. पाठीमागून "गुरू" अशी हाक आली आणि मी वळलो. दोन वर्षांत तिचे केस बाजूनं पांढरे झाले होते. हिरवी साडी, हातात पिशवी. एकटीच. मी पिशवी घेतली, काय बोलावं ते कळेना, म्हणून बस कुठली मिळाली असलं काहीतरी विचारलं. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि आधी घरी चल म्हणाली.

आईनं तिला उंबऱ्यातच धरलं. दोघी रडल्या, मग लाह्या खाल्ल्या, मग परत रडल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. आई माझ्याकडं बघून म्हणाली की बघ, जावई शब्दाला जागला. आक्कानं पदरानं तोंड पुसलं. संध्याकाळच्या पाचच्या बसनं परत जायचंय, एवढंच म्हणाली. तीन दिवस नाहीत, एक दिवस. मग आईला म्हणाली की जरा दुकान बघून येते, बाबांची जागा बघून किती दिवस झाले.

दुकानात आल्यावर ती काउंटरच्या आत गेली, बाबांच्या स्टुलावर बसली. कमरेची पिशवी सोडली. त्यातून यंत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं, अलगद. मग पदराच्या गाठीतून एक सेल काढून यंत्राशेजारी उभा केला.

तीन ठिपक्यांचा.

"परवा हाताला गरम लागलं म्हणून उघडलं," ती म्हणाली. "एकावर दोन ठिपके आणि एकावर तीन. मी म्हटलं माझे डोळे गेले असतील. बाहेर उजेडात नेऊन बघितलं."

बाहेर झोक्याची गाणी चालली होती, स्टँडवर कुठल्यातरी गावची गाडी लागली म्हणून ओरडत होते.

"चुकून झालं म्हण," आक्का म्हणाली.

तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही. त्या सेलकडं बघत मी म्हणालो, "चुकून झालं."

तिनं तो सेल उचलून ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मला ती पद्धत लावून तीस वर्षं झाली, गुरू. तीस वर्षांत इथं अशी चूक झालेली मला आठवत न्हाई. तुला आठवती?"

मग माझा बांध फुटला. पाया पडायला लावलं ते सांगितलं, दिवाळीचं सांगितलं, बाबांच्या मातीचं सांगितलं. तुझ्या नवऱ्यानं आम्हाला मातीत घातलं, त्याच्या छातीवर ते फुटलं असतं तर मला एक थेंब दुःख झालं नसतं, असं म्हणालो. खरंच म्हणालो. दात-ओठ खाऊन म्हणालो.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही.

"त्यांच्या छातीवर?" ती म्हणाली. "ते कधी त्यांच्या खिशात नसतंय. घरात सासूबाईंपुढं वढायची लाज, वखारीत कामगारांपुढं लाज. दिवसभर हे माझ्या कमरेला असतंय. मागितलं की काढून द्यायचं, झालं की परत पिशवीत. तू दिलंस त्या दिवशी बसमधनं उतरले आणि दारातच माझ्या हातात ठेवलं."

मी खाली, फरशीवर बसलो.

"आणि त्यांना तुझ्याकडं मीच पाठवलं होतं," ती म्हणाली. "ते यायला तयार नव्हते. मी म्हटलं, माझ्या भावानं बघितलं तरच मी ते घरात ठेवीन. त्याचं तोंड वाईट हाय, पण त्याच्या हातचं काम खोटं नसतंय."

एवढं बोलून ती उठली. आजही मी दुकानात बाबांच्या त्या स्टुलावर बसत नाही, त्यावर खोका ठेवलाय.

मी हात जोडले. काय काय बोललो, आठवत नाही. तिनं मला उठ म्हटलं. दोन ठिपक्यांचा दुसरा कुठंय विचारलं. तो माझ्या खिशातच होता. चार दिवस मी तो खिशात घेऊन हिंडत होतो, टाकायचं धाडस झालं नव्हतं आणि परत बसवायचंही. तिनं तो माझ्याकडून घेतला, यंत्रातल्या त्याच्या जोडीदाराशेजारी धरून ठिपके बघितले, मग माझ्याकडं दिला. मीटर लाव म्हणाली. मी लावला. काटा बघितला तिनं. मग बसव म्हणाली. मी बसवला, झाकण लावलं.

"त्यांना म्हटलं यंत्र बिघडलंय, गुरूकडं नेल्याशिवाय चालायचं न्हाई," ती म्हणाली. "म्हणून सोडलं आज. संध्याकाळच्या आत घेऊन ये म्हणालेत."

म्हणजे माझ्या त्या हरामखोरीमुळं आक्का पंचमीला आली होती. हे मला त्या क्षणी कळलं आणि त्यानं काही बरं वाटलं नाही.

मी यंत्र तिच्यापुढं धरलं. तिनं घेतलं नाही.

"पाच वाजेपर्यंत तुझ्या खिशात ठेव," ती म्हणाली. "छातीच्या. आणि आईशेजारी बसून जेव."

मी ते शर्टाच्या खिशात घातलं. घरी आलो, आईशेजारी पाट मांडला. पुरणाची दिंडं होती. खिसा वजनानं खाली ओढला जात होता आणि ते डाव्या छातीवर टेकत होतं. मला माहीत होतं की जोडी चांगली आहे, केसाएवढा फरक नाही, मीच तीन दिवस तपासलेली. तरी घामानं शर्ट भिजला. आईनं विचारलं, एवढं काय जड घेऊन बसलायस. दाजींचं यंत्र, मी म्हणालो. मग बाजूला काढून ठेव की जेवताना, आई म्हणाली. आक्का पलीकडून म्हणाली, "राहू दे आई, तो बघतोय ते रोज वापरायला चालतंय का."

दुपारी शेजारच्या अंगणात आक्का झोक्यावर बसली. बायकांनी जबरदस्तीनं बसवलं. दोनचार झोके घेतले असतील. मी भिंतीआडून बघत होतो, एक हात खिशावर. ती हसली एकदा, आणि हसता हसता तिची नजर माझ्यावर आली, तेव्हा तिनं झोका थांबवायला सांगितला.

पाच वाजता स्टँडवर बस लागली होती. आक्कानं हात पुढं केला. मी यंत्र काढून दिलं. तिनं उलट्या हातानं ते चाचपलं, ताप बघतात तसं, आणि कमरेच्या पिशवीत घातलं. पिशवीची नाडी दोनदा बांधली. मग बसमध्ये चढली. खिडकीतून तिनं मला हात केला नाही. आईला गोळ्या वेळेवर दे, एवढं म्हणाली.

दाजींना तिनं कधीच सांगितलं नाही. पुढं दोन वर्षांनी सरकारनं असली यंत्रं बंद केली आणि दाजी परत सिगारेटीवर आले. तोवर त्यांचं यंत्र एकदाही बिघडलं नाही. निपाणीत ते चारचौघांत सांगायचे म्हणे की मेव्हण्याचं तोंड खराब आहे, पण हात सोन्याचा आहे. त्यानंतर ते दर पंचमीला आक्काला लावून देतात, तीन तीन दिवस. माझ्याशी बोलतातही. मला ते अजून आवडत नाहीत. त्यांचं बोलणं ऐकलं की माझ्या डोक्यात आजही तिडीक जाते, पण मी पाण्याचा तांब्या पुढं करतो आणि गप्प बसतो.

आक्का येते, हसते, स्वयंपाक करते. शेजारच्या पोरांचे लाड करते. पूर्वीसारखंच सगळं. फक्त एक गोष्ट करत नाही. माझ्या दुकानातली वस्तू ती घेऊन जात नाही. घड्याळ दिलं, ते आईच्या कपाटावर ठेवून गेली. मोबाईल चार्ज करायचा डबा दिला, तो विसरून गेली. मी समजलो, पण दरवर्षी काहीतरी देत राहिलो.

गेल्या पंचमीला मी एक टॉर्च आणला. माझ्या हातचा नाही, कंपनीचा, सीलबंद, पावतीसकट. निपाणीला फार वेळा लाईट जाते असं ती फोनवर म्हणाली होती. जाताना तिच्या पिशवीवर ठेवला. तिनं तो उचलला, सील बघितलं, पावती बघितली. मग कपाटाशी गेली आणि घड्याळाशेजारी ठेवून दिला.

"असू दे इथंच, गुरू," ती म्हणाली. "आईला लागंल उठाबसायला."

आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.